वाफेचं इंजिन जलरंगात: या चुका टाळा

दार्जिलिंगची सहल झाली की फोनमध्ये निळ्या इंजिनाचे पन्नासेक फोटो जमलेले असतात. घरी येऊन ते जलरंगात उतरवायला बसलं, की इंजिन कसंबसं जमतं आणि वाफेचा कापूस होतो. माझ्या रद्दीत असे डझनभर कापूस आहेत.

चूक बहुधा क्रमात असते. आधी इंजिन, मग आकाश आणि शेवटी पांढऱ्या रंगाचे फराटे मारून वाफ. पण जलरंगात पांढरा म्हणजे कागदच. म्हणून वाफेची जागा सगळ्यात आधी ठरवा. तिला पेन्सिलीची रेघ नको, ती शेवटपर्यंत दिसत राहते. तेवढा भाग कोरा ठेवून भोवतीनं आकाश लावा आणि रंग ओला असतानाच कडेवरून स्वच्छ पाण्याचा ब्रश फिरवा. उन्हाकडची कड मात्र थोडी ठळक राहू द्या. सगळ्याच कडा विरघळवल्या की झाला कापूस. इथे मास्किंग फ्लुइडही (कागद कोरा राखायला लावतात तो, नंतर सोलून काढायचा रबरी द्रव) नको, त्याची कड कात्रीनं कापल्यासारखी येते. ते शिट्टी आणि धरायच्या दांड्यांसाठी राखून ठेवा.

वाफ राखायची राहूनच गेली तर? आकाशात कोबाल्ट किंवा अल्ट्रामरीन हे निळे असतील तर पाण्यानं भिजवून टिश्यूनं बरंचसं टिपता येतं. थॅलो ब्लू हा गडद निळा असेल तर नवा कागद घ्या. तो एकदा मुरला की हलत नाही.

आणखी एक गंमत. जादा दाब सोडणाऱ्या सेफ्टी व्हॉल्व्हमधून वाफ सुटते तेव्हा अगदी तोंडाशी काहीच दिसत नाही. खरी वाफ अदृश्य असते. हवेत गार होऊन तिचे बारीक थेंब झाले की मग ती पांढरी दिसते. ती एवढीशी फट सोडली तर दाब जाणवतो, नाहीतर इंजिनाला पांढरा फुगा चिकटवल्यासारखं वाटतं. धुराड्यातून येतो तो मात्र कोळशाच्या धुरात मिसळलेला लोट. त्याच्या सावलीत बर्न्ट सिएनाचा, म्हणजे तांबूस तपकिरीचा, हलका हात हवा.

दुसरी मोठी चूक काळ्याची. उजळ आकाशासमोर फोनचा कॅमेरा इंजिनाचा खालचा भाग कोळसा करून टाकतो आणि आपण तोच कोळसा ट्यूबमधल्या काळ्यानं इमानदारीत भरतो. उन्हातल्या काळ्या लोखंडावर वरून आकाशाचा निळसरपणा असतो, खालून मातीची ऊब. अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून गडद करा. वर निळा जास्त, खाली सिएना. धुराड्याखालचा स्मोकबॉक्स, म्हणजे धूर जमणारा पुढचा भाग, मात्र तापून कोमेजलेला, बिनचमकीचा. तिथे चमक दाखवू नका.

चाकांबद्दल थोडक्यात. दार्जिलिंगच्या 'बी क्लास' या जातीच्या इंजिनाला फक्त चार चाकं असतात. जोशात आपण सहा काढतो. एका बाजूची दोन्ही चाकं जोडणारी दांडी कायम रुळाला समांतर असते, म्हणजे दोन्ही चाकांवरच्या खुंट्या एकाच कोनात हव्यात. एक वर आणि एक खाली काढली तर ते इंजिन हलणारच नाही, आणि रेल्वेवेडा माणूस चित्रात आधी तिथेच बघतो. रुळांमधलं अंतरही जपा. ते इथे जेमतेम दोन फूट आहे. आपल्या नेहमीच्या रुळांच्या सवयीनं काढलं तर शेजारचा ड्रायव्हर बुटका दिसतो.

अर्धवट वाळलेल्या आकाशात पाण्याचा थेंब पडला की कोबीच्या गड्ड्यासारखा डाग उठतो. तो घासत बसू नका. पूर्ण वाळू द्या, मग ठरवा. माझ्या एका चित्रात तो नेमका धुराड्याच्या वर उठला होता. तो मी वाफेतच जमा करून टाकला.