स्पायनल कॉर्डमधला दुखण्याचा रस्ता कागदावर कसा काढायचा

पेन पाथवे, म्हणजे दुखण्याचा रस्ता, पाठ करू नका, काढा. फर्स्ट इयरच्या पोट्ट्यांना मी हेच सांगत राहतो, कारण पाठ केलेलं व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हमखास उलटंपालटं होते. बर्डीवरून (नागपूरच्या सीताबर्डी बाजारातून) कोरी वही अन दोन रंगांचे पेन आणा, बस.

आधी कॉर्डचा (मज्जारज्जूचा) आडवा काप काढा, मधात ग्रे मॅटर (पेशींचा करडा भाग), त्याची मागची दोन टोकं म्हणजे डॉर्सल हॉर्न. आता एकच चटका धरा. मे महिन्यात गच्चीवर अनवाणी गेले अन उजव्या पायाची करंगळी पोळली (नागपुरात हे उदाहरण समजावून सांगा लागत नाही). करंगळी म्हणजे एस १, कॉर्डच्या खालच्या टोकाकडच्या सेक्रल भागाचा पहिला सेगमेंट (तुकडा). पहिली तीक्ष्ण कळ ए-डेल्टा फायबर (नसेतले धागे) आणतात, सेकंदाला ५ ते ३० मीटर, अन मागून रेंगाळत येणारी आग सी फायबरची, ती २ मीटरच्याही आत, दोन रंग त्यासाठीच. दोघांच्या पेशी डॉर्सल रूट गँग्लियनमध्ये, म्हणजे कॉर्डच्या बाहेर मागच्या मुळावरच्या गाठीत. तिथून आत शिरले की लिसॉअर ट्रॅक्टमध्ये (डॉर्सल हॉर्नच्या टोकाशी असलेल्या फायबरच्या पट्ट्यात) एक-दोन सेगमेंट वर-खाली जातात, मग डॉर्सल हॉर्नमध्ये सिनॅप्स, म्हणजे पुढच्या न्यूरॉनशी (चेतापेशीशी) जोड. रेक्सेड नावाच्या शास्त्रज्ञानं १९५२ मध्ये मांजराच्या कॉर्डवरून ग्रे मॅटरचे दहा थर पाडले, त्यातले ए-डेल्टासाठी मुख्यतः १ अन ५, सीसाठी १ अन २ एवढे लिहा, बाकीचे सध्या राहू द्या.

आता खरी गोष्ट, क्रॉसिंग. दुसरा न्यूरॉन कॉर्डमध्येच अँटिरियर व्हाइट कमिशरमधून (पुढच्या बाजूच्या पांढऱ्या पुलावरून) डावीकडे जातो अन अँटेरोलॅटरल (पुढच्या-बाजूच्या) भागातून वर मेंदूतल्या थॅलॅमसच्या व्हीपीएल या केंद्राला पोचतो. बरेच जण क्रॉसिंग वर मेडुलात (मेंदूच्या देठात) दाखवतात, ते डॉर्सल कॉलमचं, म्हणजे व्हायब्रेशन नेणाऱ्या मागच्या रस्त्याचं आहे बावा.

वरच्या सेगमेंटचे फायबर मधल्या बाजूनं येऊन चिकटतात, म्हणून आधीचे बाहेर सरकतात, बसमध्ये आधी चढलेले खिडकीशी अन मागाहूनचे आतल्या सीटवर तसं. म्हणजे सेक्रल सगळ्यात बाहेर, सर्व्हायकल (मानेचे) आत. म्हणूनच कॉर्डच्या आत वाढणाऱ्या गाठीत सेक्रल भागाची संवेदना कधीकधी शेवटपर्यंत टिकते.

झालं की टी १० ला (छातीचा दहावा सेगमेंट, बेंबीची जाणीव याच्याकडे) कॉर्डचा उजवा अर्धा खोडून पाहा. दुखणं अन तापमानाची जाणीव डावीकडची नाहीशी झाली पाहिजे, तेही बेंबीच्या एक-दोन सेगमेंट खालून, अन व्हायब्रेशनची उजवीकडचीच. आकृतीतून हे निघालं नाही तर काहून नाही ते लिसॉअर अन क्रॉसिंगपाशीच शोधा.

चेहऱ्याचं दुखणं यात कोंबू नका, ते ट्रायजेमिनल या चेहऱ्याच्या नसेनं जाते, त्याला वेगळं पान.