मशीनवर बसून वचन पाळताना

गेल्या महिन्यात आमच्या संघात दोघींनी वचन घेतलं. मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, झाली, गळ्यात लाकडी टाव, म्हणजे 'T' आकाराचा क्रूस, आला, फोटो निघाले, केक कापला. तिसऱ्या दिवशी त्यातली एक माझ्याकडे ब्लाउजचं माप द्यायला आली. टेप तिच्या खांद्यावर होती तेवढ्यात तिनं विचारलं, "काकी, आता नेमकं करायचं काय?" माझ्या तोंडात टाचण्या होत्या, त्यामुळे तेव्हा बोलता आलं नाही. आता सांगते.

आधी नवख्यांसाठी दोन वाक्यं. आम्ही प्रापंचिक फ्रान्सिस्कन. इटलीतल्या असिसीच्या संत फ्रान्सिसच्या वाटेनं चालायचं, पण मठात न जाता. नवरा, मुलं, दुकान, लोकलचा पास, सगळं आहे तसंच राहतं. सिस्टर घेतात ती व्रतं आम्ही घेत नाही. सुरुवातीचे काही महिने नुसती ओळख होते, मग निदान वर्षभर शिक्षण, आणि मग या वाटेनं जगायचं सगळ्यांसमोर वचन. ते जन्मभराचं. आमच्या संघात फ्रान्सिसच्या सणाला, ४ ऑक्टोबरला, ते पुन्हा म्हणतो. पण विम्यासारखं त्याचं नूतनीकरण करावं लागत नाही. एकदा दिलं ते दिलं.

मी वसईची, शिवणकाम करते. पहिल्या कम्युनियनचे, म्हणजे मुली पहिल्यांदा ख्रिस्तप्रसाद घेतात तेव्हाचे, झगे, लग्नातले गाऊन, बाकी वर्षभर ब्लाउज आणि फॉल-पिको. वचन घेऊन मला नऊ वर्षं झाली. त्यातली पहिली दोन मी वाया घालवली, म्हणून माझं ऐका.

पहिलं काम म्हणजे नियमावली वाचणं. वचनाच्या तयारीत वाचली होती, हे उत्तर चालणार नाही. पोप सहावे पॉल यांनी २४ जून १९७८ रोजी मंजूर केलेली ही नियमावली २६ कलमांची आहे. चहा गार व्हायच्या आत वाचून होते, हाच तिचा धोका. मी दर रविवारी एकच कलम वाचते, म्हणजे वर्षात दोनदा सगळी होते. वाचताना कुठलं कलम छान वाटतं ते सोडून द्या, कुठलं टोचतं ते बघा. चौथं कलम सगळ्यांना आवडतं: शुभवर्तमानाकडून (येशूच्या जीवनाच्या आणि शिकवणीच्या ग्रंथाकडून) जीवनाकडे आणि जीवनाकडून शुभवर्तमानाकडे. मलाही आवडतं. पण मला टोचलं ते अकरावं. त्यात म्हटलंय की आपल्याला मिळालेल्या वस्तूंचे आपण मालक नाही, सांभाळणारे आहोत, आणि आपल्या गरजा कमी कराव्यात.

आता शिंपीण लोकांचं कापड कसं सांभाळते ते सांगते. बाई ब्लाउजपीस आणते एक मीटर. अंगानं बारीक असेल तर ऐंशी सेंटिमीटरमध्ये काम होतं. कम्युनियनच्या झग्याला आई घाबरून साडेतीन मीटर सॅटिन आणते, वर नेट, वर लेस. नीट कातरलं तर अर्धा मीटर सॅटिन सहज उरतं. ते कुठे जातं? माझ्या कपाटाखालच्या पिशवीत. वीस वर्षं जात होतं. त्यातून उशांचे अभ्रे झाले, भाचीच्या बाहुलीचे कपडे झाले आणि, लपवून काय करू, तीन-चार झग्यांचे पट्टे आणि बो झाले, ज्यांचे मी दुसऱ्या गिऱ्हाइकाकडून पैसे घेतले. धंद्यात सगळेच ठेवतात. कुणी विचारत नाही. माझ्या मनात ती चोरी कधी आलीच नाही, तो कातरणीचा हक्क होता.

अकरावं कलम तिसऱ्यांदा वाचलं त्या रविवारी मी ती पिशवी बाहेर काढली. कुणाचं कुठलं ते आता कळायला मार्ग नव्हता. पापनिवेदनाला गेले तर फादर हसले नाहीत, याचंच मला बरं वाटलं. ते म्हणाले, जुनं गरजूंच्या कामी लाव आणि उद्यापासून परत देत जा. उद्यापासून म्हणजे खरंच उद्यापासून. आता शिवलेल्या कपड्याबरोबर उरलेलं कापड घडी करून त्याच पिशवीत घालते, चार बोटांची पट्टी असली तरी. पहिल्या महिन्यात बायका गोंधळल्या. एकीनं विचारलं, "हे काय, ब्लाउज तोकडा तर नाही ना शिवला?" एकीला वाटलं मी टोमणा मारतेय. पण मला कळलं की वचन ठेवायची जागा चर्चच्या बाकावर नव्हती, कात्रीखाली होती. तुमची कात्री वेगळी असेल. तुम्ही कचेरीत असाल तर तिथली स्टेशनरी असेल, रिक्षा चालवत असाल तर मीटर, भाजी विकत असाल तर काटा. आपल्या धंद्यात सगळेच करतात आणि कुणी विचारत नाही असं काय आहे, ते आधी शोधा.

गंमत बघा, फ्रान्सिस स्वतः कापडवाल्याचा मुलगा. सान दामियानोचं पडकं चर्च दुरुस्त करायला त्यानं बापाच्या दुकानातलं कापड फोलिन्योच्या बाजारात नेऊन विकलं. बाप, पिएत्रो बर्नार्दोने, भडकला. शेवटी बिशपसमोर पोरानं अंगावरचे कपडेसुद्धा उतरवून बापाला परत दिले. प्रवचनात बापाला नेहमी खलनायक करतात. मला त्याची बाजू कळते. न विचारता ठाण उचलून नेलं तर कुणाला राग येणार नाही?

प्रार्थनेचं सांगते. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना पुस्तकातून म्हणावी, मिस्सेला जावं, हे तुम्हाला माहीत आहे. पण एप्रिल-मेमध्ये माझ्याकडे झग्यांची रांग असते आणि रात्री एकपर्यंत मशीन चालते. पहिल्या वर्षी मी ठरवलं की रोज पूर्ण जपमाळ, पूर्ण प्रार्थना, शिवाय बायबलचा अध्याय. नवव्या दिवशी सगळंच सुटलं, आणि सुटल्याच्या रागात चार दिवस काहीच केलं नाही. तुम्ही असं करू नका. काहीही झालं तरी सुटणार नाही एवढं लहान काहीतरी धरा. माझं बॉबिनवर, म्हणजे मशीनच्या खालच्या दोऱ्याच्या रिळावर, आहे. बॉबिन संपली की ती भरायला अर्धा मिनिट लागतो, तेवढ्यात एक 'नमो मरिये' ही मरियेची छोटी प्रार्थना, आणि तो कपडा ज्याचा त्याच्यासाठी. झगा असेल तर त्या पोरीसाठी. झग्याला किती बॉबिन लागतात ते तुम्हीच मोजा. आमच्याकडे वसईत चर्चला देऊळ म्हणतात. देवळाची बाराची घंटा ऐकू आली की पाय मशीनवरून काढायचा, एवढं दुसरं. वेळ असेल त्या दिवशी पुस्तक आहेच.

सेवेचं मात्र थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण नवे लोक इथेच जास्त चुकतात. वचन घेतल्यावर अंगात बळ येतं आणि आपण दिसेल त्या कामाला हो म्हणतो. मी हो म्हटलं होतं: आजारी लोकांच्या भेटी, देवळातली फुलं, गायनमंडळाचे नवे पोशाख (फुकट, अठ्ठावीस नग) आणि नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा. डिसेंबरात एका रात्री नवरा ताट वाढून वाट बघत बसला होता. मी आले तेव्हा म्हणाला, "तुझ्या गरिबांच्या यादीत माझं नाव कितवं?" तो रागावला नव्हता, म्हणून जास्त लागलं. सतरावं कलम कुटुंबाचंच आहे. ते मी तोपर्यंत पाच वेळा तरी वाचलेलं होतं.

तेव्हापासून एक माणूस, एक वार, एक तास. माझा गुरुवार, चार ते पाच. पाखाडीच्या टोकाला एक आजी एकटी राहते. पहिल्या गुरुवारी मी तिच्यासाठी घोंगडी, बिस्किटं आणि प्रार्थनेचं पुस्तक घेऊन गेले. तिनं सगळं बाजूला ठेवलं आणि कपाटातून पाच ब्लाउज काढले. सगळ्यांचे हुक पुढे घ्यायचे होते. हात मागे जात नाही, हुक लावता येत नाही, म्हणून ती सहा महिने एकच सैल ब्लाउज घालत होती आणि त्यामुळे रविवारी मिस्सेला येत नव्हती. बाहेर सगळ्यांना वाटत होतं तिची श्रद्धा कमी झाली. हुक पुढे घ्यायला मला दीड तास लागला. पुढच्या रविवारी ती तिसऱ्या बाकावर होती. तर जाताना रिकाम्या हातानं जा आणि आधी विचारा. देवानं तुमच्या हातात जे कसब दिलंय त्याचीच बहुधा गरज निघते. घोंगड्या तिच्याकडे चार होत्या.

समेटाचं थोडक्यात. माझ्या जावेशी बावखलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या तळ्याच्या, कडेच्या वाटेवरून सात वर्षं बोलणं नव्हतं. शांतीचं कलम वाचून मी तडक तिच्या दारात जाऊन माफी मागितली, तर ती म्हणाली, "तुला वचन आहे म्हणून आलीस, नाहीतर आली नसतीस." खरं होतं. मी परत आले. पुढे वर्षभर फक्त वाट ओलांडताना "काय, जेवलीस?" एवढं विचारत राहिले. आता ती सुकेळी, म्हणजे सुकवलेली केळी, पाठवते. वाट अजून तिच्याच बाजूला आहे.

मासिक सभेला जा, कंटाळा आला तरी. महिन्याची वर्गणी ऐपतीप्रमाणे द्या, कुणी किती दिली ते विचारू नका. सभेत वाद होतात, कारण तिथेही माणसंच येतात. आजारी सभासदाला भेटायला जायची पाळी आली की ती टाळू नका, हे मात्र मी ठासून सांगेन.

आणि हे काही फक्त इटलीतलं नाही. आपल्या वसईचा गोन्सालो गार्सिया आधी जपानात व्यापार करायचा, मग फ्रान्सिस्कन ब्रदर झाला. ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीला त्याच्याबरोबर पंचवीस जणांना क्रुसावर मारलं. त्यात सतरा जपानी प्रापंचिक होते, परंपरेनं ते आमच्याच तिसऱ्या संघाचे (प्रापंचिक फ्रान्सिस्कनांचं हे जुनं नाव) समजले जातात. वसईच्या किल्ल्यात गेले की मला गोन्सालोपेक्षा ते सतरा जास्त आठवतात. त्यांच्याही घरी कुणीतरी ताट वाढून बसलं असेल.

सुटलं तर काय करायचं, हे त्या पोरीनं विचारलं नाही, पण विचारेल. माझ्या मापाच्या वहीच्या शेवटच्या पानावर मी तारीख आणि एक शब्द लिहिते: कापड, जाऊ, बॉबिन, ओरडले. महिन्यातून एकदा ते पान घेऊन पापनिवेदनाला जाते. मग ते पान फाडते आणि नव्या पानावर तारीख टाकते. वही बरीच बारीक झालीय. मधे दोन गिऱ्हाइकांची मापंही त्यात फाटून गेली, ती परत घ्यावी लागली.

तर पोरी, तुझा ब्लाउज शुक्रवारी मिळेल. बाह्या तू म्हणालीस तशाच, कोपरापर्यंत. अस्तराचं पाव मीटर उरलंय, ते पिशवीत घातलंय. गुरुवारी चारनंतर येऊ नकोस, मी घरी नसते.