जुलैतला हिवाळा, जानेवारीतला हिवाळा: बर्फाची तुलना कशी करावी

न्यूझीलंडमधल्या क्राइस्टचर्चला येऊ घातलेले पुण्याचे पाहुणे हमखास विचारतात, "जुलै म्हणजे तुमचा ऐन हिवाळा, मग बर्फ असेलच ना?" त्यांच्यासाठी हे लिहितेय.

आधी महिने सहाने पुढे सरकवा. इथला जुलै म्हणजे तिकडचा जानेवारी. ऑगस्ट म्हणजे फेब्रुवारी.

मग अक्षांश जुळवा, पण तिथेच थांबू नका. क्राइस्टचर्च दक्षिणेला ४३.५ अंशांवर, जपानचं साप्पोरो उत्तरेला ४३ अंशांवर, दोन्ही समुद्राजवळ. साप्पोरोत एका हिवाळ्यात जवळपास पाच मीटर बर्फ पडतो. तिथे राहणारी माझी बहीण सकाळी आधी दारासमोरचा बर्फ फावड्याने उपसते, मग कामाला निघते. इथे जुलैत दुपारी ११ अंशांच्या आसपास असतं. शहरात बर्फ क्वचितच पडतो, आणि पडला तरी बहुधा टिकत नाही.

म्हणून वारा कशावरून येतो ते बघा. साप्पोरोचा वारा सायबेरियाच्या गोठलेल्या जमिनीवरून निघतो, वाटेत जपानच्या समुद्रावर बाष्प उचलतो आणि किनाऱ्यावर बर्फ ओततो. आमच्याकडे येणारा अंटार्क्टिकाचा वारा दोन हजार किलोमीटरहून जास्त समुद्र ओलांडतो आणि तेवढ्यात बराच उबदार होतो. दक्षिण गोलार्धाचा सुमारे ८१ टक्के भाग पाणी आहे, उत्तरेचा ६१. जुलैच्या सुरुवातीला पृथ्वी सूर्यापासून सर्वांत लांब असते, तरी इथला हिवाळा सौम्य राहतो तो या पाण्यामुळेच. अंटार्क्टिका मात्र या हिशेबात धरू नका. तिथलं वोस्तोक हे संशोधन केंद्र जवळजवळ साडेतीन हजार मीटर उंचीवर आहे आणि २१ जुलै १९८३ रोजी तिथे उणे ८९.२ अंश नोंदले गेले.

इथला अंदाज वाचताना मी तापमानाआधी उंची बघते. "३०० मीटरपर्यंत बर्फ", म्हणजे डोंगरावरून खाली ३०० मीटर उंचीपर्यंत बर्फ, असं आलं की सपाट शहरात पाऊस, पण शहराला लागूनच्या पोर्ट हिल्सचे माथे पांढरे होऊ शकतात. ९०० मीटरवरच्या पोर्टर्स पासच्या घाटात तर बर्फात घसरू नये म्हणून चाकांना चेन लागतीलच असं धरून चाला. वारा दक्षिणेचा हवा. वायव्येचा असेल तर कोरडा आणि उबदार असतो, बर्फाची आशा सोडा. आणखी एक गोष्ट आपल्या सवयीच्या उलट आहे: इथे ऊन उत्तरेकडून येतं, त्यामुळे डोंगराच्या दक्षिण उतारावर बर्फ जास्त दिवस राहतो आणि सावलीतल्या वळणांवर रस्ता दुपारीही निसरडा असतो.

घराबाहेर पाऊल टाकताच बर्फ हवा असेल तर फेब्रुवारीत साप्पोरोला जा, माझा खरंच तोच सल्ला आहे. इथे यायचं तर ऑगस्टमध्ये या; तोवर डोंगरांवर चांगला थर साचलेला असतो. चेन भाड्याने घ्या आणि निघण्यापूर्वी घरासमोर एकदा चाकांना लावून, काढून बघा. वारा सुटलेल्या घाटात, गारठलेल्या बोटांनी ते पहिल्यांदा शिकणं फार अवघड जातं.