एसयू केलं, रूट झालो, तरी ‘परमिशन डिनाइड’? या चुका टाळा

लिनक्सवर एसयू (दुसरा युजर व्हायची आज्ञा) करून रूट, म्हणजे सर्वाधिकारी युजर, झालात. आयडी टाइप केलं की यूआयडी (युजरचा क्रमांक) 0, म्हणजे रूटचाच, दिसतो, प्रॉम्प्टवर हॅश आलेला असतो, तरी फाइल उघडत नाही. वैतागून पुष्कळ जण थेट ‘सेटएनफोर्स 0’ मारून एसई-लिनक्स (लिनक्समधली सुरक्षेची जादा यंत्रणा) सैल सोडतात. काम होतं, पण सबंध मशीनवरचा पहारा उठतो आणि मूळ घोळ तसाच राहतो.

एसई-लिनक्सच्या लेखी यूआयडी 0 ला काही खास मान नाही. तो बघतो कॉन्टेक्स्ट, म्हणजे लॉगिन करताना प्रोसेसला चिकटलेलं लेबल. युजर बदलला म्हणून ते लेबल आपोआप बदलत नाही, आणि बदलूही नये. स्टाफ_यू (एसई-लिनक्सचा मर्यादित युजर) ला मॅप केलेल्या खात्यातून सुडो (रूट म्हणून आज्ञा चालवणं) करा आणि आधी-नंतर ‘आयडी -झेड’ (लेबल दाखवणारी आज्ञा) चालवून बघा. यूआयडी शून्यावर आला, तरी दोन्ही वेळा स्टाफ_आर (रोल), स्टाफ_टी (टाइप) हेच दिसेल. इथे सुडोअर्स या सुडोच्या नियमांच्या फाइलीत, त्या खात्याच्या ओळीत रोल आणि टाइप (सिसअ‍ॅडम_आर, सिसअ‍ॅडम_टी) लिहून द्यायचे. तेही ऑसर्चने (ऑडिट लॉगमध्ये शोधायची आज्ञा) एव्हीसीची, म्हणजे एसई-लिनक्सच्या नकाराची, नोंद काढून, नेमकं काय अडलं ते वाचल्यावरच. आपल्या लॅपटॉपवर हे सहसा जाणवत नाही, कारण फेडोरासारख्या ठिकाणी साधं खातं मुळात अनकन्फाइन्ड, म्हणजे मोकळं, असतं. बंदोबस्त केलेल्या सर्व्हरवर गेलं की मग डोकं खाजवायची वेळ येते.

दुसरी चूक मला जास्त खटकते: पॅम_लॉगिनयूआयडी हे मॉड्यूल एसयू किंवा सुडोच्या पॅम (लॉगिनची ओळख आणि सेशन सांभाळणारी व्यवस्था) फाइलीत घालणं. त्याची जागा एसएसएच, कन्सोल, क्रॉन अशा प्रवेशदारांवर. मूळ माणूस कोण, हे लॉगिनयूआयडी सांगतो. तीन वेळा युजर बदलला तरी तो आकडा तोच राहायला हवा. मधेच नवा लिहिला गेला, तर ऑडिट लॉगमध्ये सगळी कामगिरी रूटच्या नावावर. आकडा 4294967295 दिसला, तर तो ठरलेलाच नाही असं समजा. बूटवेळी सुरू झालेल्या सेवांसाठी ते ठीक, माणसाच्या शेलमध्ये दिसलं तर पॅमची मांडणी तपासा.

सेवा सुरू करायच्या स्क्रिप्टमध्ये ‘एसयू - अमुक -सी’ लिहायची सवयही सोडा. एसयू पॅमकडे जातं, तिथे वेगळं सेशन उघडू शकतं, आणि मग सिस्टमडीने (सेवा सुरू-बंद करणारा प्रोग्राम) सेवा थांबवली तरी आतली प्रोसेस जिवंत राहते. सिस्टमडीच्या युनिट फाइलीत (सेवेचं वर्णन असलेली फाइल) ‘युजर=’ लिहिलं की प्रश्न मिटला. रूटच्या स्क्रिप्टमधूनच खाली उतरायचं असेल तर रनयूजर किंवा सेटप्रिव्ह या आज्ञा वापरा. सेटप्रिव्ह पॅमच्या वाटेलाच जात नाही.

एसयू करून ‘सिस्टमसीटीएल --युजर’ (युजरच्या स्वतःच्या सेवा हाताळायची आज्ञा) चालवलं की बसला (प्रोसेसमधल्या निरोपांची वाहिनी) जोडता आलं नाही अशी तक्रार येते, तेव्हा एक्सडीजी_रनटाइम_डीआयआर हा व्हेरिएबल हाताने भरत बसू नका. त्या युजरचं खरं सेशनच उघडलेलं नसतं. ‘मशीनसीटीएल शेल’ ते रीतसर उघडून देतं.