ब्राउझरकडून मराठी मजकूर वाचून घेताना

मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारे वेगळे सॉफ्टवेअर घेण्याची गरज बहुतेकांना पडत नाही, कारण रोजच्या वापरातल्या ब्राउझरमध्येच ती सोय विनामूल्य असते. ती सुरू करणे सोपे आहे. यंत्राच्या हाती दिलेला मजकूर वाचण्याजोगा आहे की नाही, हे तपासण्याचा कंटाळा मात्र सगळेच करतात आणि मग दोष आवाजाला देतात. म्हणून बटणांविषयी थोडक्यात सांगून अधिक जागा मजकुरासाठी राखून ठेवली आहे.

मराठीसाठी सुरुवात मायक्रोसॉफ्ट एजपासून करावी. या ब्राउझरच्या आवाजांच्या यादीत मराठीचे दोन आवाज आहेत, एक स्त्रीचा आणि एक पुरुषाचा. त्यांची नावे अनुक्रमे आरोही आणि मनोहर अशी आहेत. वाचायचे पान उघडून कंट्रोल, शिफ्ट आणि यू या तीन कळा एकत्र दाबल्या की वाचन सुरू होते आणि वर एक छोटी पट्टी दिसू लागते. या पट्टीवर थांबण्याचे आणि परिच्छेद मागेपुढे करण्याचे बटण असते, तर उजवीकडच्या पर्यायात आवाज आणि वेग बदलता येतो. वाचला जाणारा शब्द पानावर रंगाने उठून दिसतो. सगळे पान नको असेल, तर हवा तेवढा भाग निवडून उजवे क्लिक करावे आणि तेथून वाचन सुरू करावे. मराठी मजकूर हिंदी ढंगात ऐकू येऊ लागला, तर आवाज हिंदीचा निवडला गेला आहे असे समजावे. अशा वेळी ‘ळ’ गुळगुळीत होतो आणि ‘केलं’, ‘घरं’ यांसारख्या शब्दांतला अनुस्वार नाकातून ऐकू येतो. यादीतून मराठी आवाज निवडला की काम भागते.

वर्तमानपत्रांच्या संकेतस्थळांवर जाहिराती, मेन्यू आणि ‘हेही वाचा’ची पेरणी इतकी असते की, यंत्र त्यांतच अडकून पडते. यावर उपाय म्हणून आधी एफ ९ दाबून वाचन-दृश्य, म्हणजे पानाचा फक्त मुख्य मजकूर दाखवणारे रूप, उघडावे आणि मग आवाज सुरू करावा. फायरफॉक्समध्येही विंडोजवर याच कळेने वाचन-दृश्य उघडते आणि तेथील हेडफोनच्या चिन्हावरून ऐकता येते. परंतु फायरफॉक्स संगणकात आधीपासून असलेले आवाज वापरतो, त्यामुळे तुमच्या यंत्रणेत मराठी आवाज नसेल, तर त्याला मराठी नीट वाचता येणार नाही. क्रोममध्ये वाचन-दृश्याची सोय आहे, तिच्यातूनही वाचन होते. छोटा उतारा ऐकायचा असेल, तर गूगल ट्रान्सलेटच्या चौकटीत तो चिकटवून स्पीकरचे चिन्ह दाबणेही पुरते. मात्र त्या चौकटीत एका वेळी ५,००० अक्षरचिन्हेच मावतात.

आता मजकुराकडे वळू. पीडीएफ फाइल मिळाली की ती थेट वाचायला लावू नये. आधी तिच्यातली एक ओळ निवडून कॉपी करावी आणि नोटपॅडमध्ये चिकटवून पाहावी. ओळ निवडताच येत नसेल, तर ते पान म्हणजे छायाचित्र आहे, त्यात वाचण्यासारखी अक्षरेच नाहीत. निवडलेली ओळ चिकटवल्यावर इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसला, तर मजकूर श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या जुन्या, युनिकोडपूर्व (युनिकोड म्हणजे सर्व लिप्यांतील अक्षरे साठवण्याची आजची सर्वमान्य पद्धत) फाँटमध्ये टंकलेला आहे. अशा फाँटमध्ये देवनागरी फक्त दिसते. साठवलेली चिन्हे वेगळीच असतात आणि यंत्र तीच वाचते. तिसरी शक्यता अधिक फसवी आहे: ओळ देवनागरीतच येते, पण वेलांटी एका अक्षरावरून दुसऱ्यावर सरकलेली असते, जोडाक्षरे तुटलेली असतात. डोळ्यांना हे सहज खटकत नाही, कानांना मात्र लगेच कळते.

पहिल्या प्रकारात फाइल गूगल ड्राइव्हवर चढवून गूगल डॉक्समध्ये उघडावी. तेथे चित्रातली अक्षरे ओळखून मजकूर तयार होतो, त्यावर मात्र एकदा नजर फिरवावीच लागते. दुसऱ्या प्रकारात जुन्या फाँटचे युनिकोडमध्ये रूपांतर करणारे परिवर्तक वापरावे लागतात. फाँटचे नेमके नाव ठाऊक असल्याशिवाय ते निरुपयोगी ठरतात. तिसऱ्या प्रकारात मूळ वर्ड फाइल मागवावी, हे सर्वांत शहाणपणाचे. स्वतःचा मजकूर असेल, तर पीडीएफच्या वाटेला न जाता वर्ड किंवा लिब्रऑफिसमधून तो एचटीएमएल स्वरूपात साठवावा. त्या फाइलवर क्लिक केले की ती ब्राउझरमध्ये साध्या पानासारखी उघडते.

देवनागरी व्यवस्थित असूनही काही ठिकाणी आवाज ठेचकाळतो. ‘दुःख’ लिहिताना अनेक जण विसर्गाऐवजी कळफलकावरचे अपूर्णविराम-चिन्ह (:) वापरतात. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात, यंत्राला मात्र शब्द मधेच तुटलेला दिसतो आणि ‘दु’, मग थांबा, मग ‘ख’ असे ऐकू येऊ शकते. ‘शोधा आणि बदला’ वापरून असे शब्द एकदाच दुरुस्त करावेत. असाच घोळ ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ अशा शब्दांत होतो: त्यातला अर्धा र काही पद्धतींत एका अदृश्य जोडचिन्हाच्या आधाराने लिहिलेला असतो, आणि एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात मजकूर नेताना ते चिन्ह गळले की तो ‘दुसर्या’ होतो, मग वाचनही ‘आचार्य’च्या चालीवर होते. पीडीएफमधून उचललेल्या मजकुरात प्रत्येक ओळीच्या शेवटी परिच्छेद मोडलेला असेल, तर वाचन वाक्याच्या मध्ये विनाकारण थांबते. ते ओळ-तोड काढून टाकावेत. ‘५/६’ हा अपूर्णांक समजावा की तारीख, हे यंत्राला कळत नाही, म्हणून अशा जागी अक्षरांत लिहिणे बरे. ‘रु.’, ‘पृ.’ यांसारखी संक्षिप्त रूपेही पूर्ण लिहावीत.

एक गोष्ट मात्र दुरुस्त करता येत नाही. ‘जग फार मोठे आहे’ यातला ‘ज’ आणि ‘शंभर वर्षे जग’ यातला ‘ज’ वेगळे उच्चारले जातात, लिपीत मात्र फरक नाही. संदर्भ पाहून हे ठरवणे यंत्राला नेहमीच साधत नाही. तेवढे सोडून द्यावे.

स्वतः लिहिलेले तपासण्यासाठी ही सोय विशेष उपयोगी आहे, आणि माझ्या मते तिचा खरा लाभ तेथेच आहे. आपला मजकूर आपण वाचतो तेव्हा डोळे मनातले वाक्य वाचतात. गाळलेला शब्द, दोनदा आलेले ‘आहे’, कर्त्याशी न जुळलेले क्रियापद नजरेतून निसटते. यंत्र जे आहे तेच वाचते. त्यासाठी वेग नेहमीपेक्षा थोडा कमी ठेवावा आणि छापील प्रत किंवा दुसरी खिडकी समोर ठेवून चूक ऐकताच तेथे खूण करावी. दुरुस्ती लगेच करायला गेल्यास वाचनाचा धागा तुटतो, म्हणून ती परिच्छेद संपल्यावर करावी. उलट, केवळ आशय कळून घ्यायचा असेल, तर वेग हळूहळू वाढवत न्यावा. कानाला सवय लागायला फार वेळ लागत नाही. ज्यांना पडदा मुळीच दिसत नाही, त्यांची गरज यातून भागत नाही, कारण मेन्यू, बटणे आणि फॉर्म वाचणे हे एनव्हीडीएसारख्या विनामूल्य पडदा-वाचकाचे काम आहे.

आरोही आणि मनोहर हे ऑनलाइन आवाज आहेत. इंटरनेट बंद असेल, तर ते चालत नाहीत, आणि चालतात तेव्हा वाचायचा मजकूर कंपनीच्या सर्व्हरकडे पाठवला जातो. वैद्यकीय अहवाल, करारनामा किंवा कार्यालयातील गोपनीय कागद यांच्यासाठी हे आवाज वापरू नयेत; अशा वेळी संगणकात किंवा फोनमध्ये उतरवून घेतलेला, इंटरनेटशिवाय चालणारा आवाज निवडावा. अँड्रॉइड फोनमध्ये असा मराठी आवाज मजकूर-उच्चारणाच्या सेटिंग्जमधून आधी उतरवून ठेवता येतो, आणि तो खरोखर त्या फोनवरच चालतो की नाही, हे फोन विमान-मोडवर टाकून दोन ओळी वाचायला लावल्या की कळते.