नाताळचा मोजा भरताना

नाताळच्या सकाळी आमच्याकडे सगळ्यांत आधी मोजे उघडतात, म्हणजे आदल्या रात्री छोट्या भेटी भरून खिळ्याला टांगलेले मोठे मोजे. मुलं पहाटे साडेपाचलाच जागी होतात. झाडाखालच्या भेटींना सगळे जमल्याशिवाय हात लावायचा नाही असा नियम आहे, पण मोज्याला तो लागू नाही. म्हणजे आम्ही उठेपर्यंतचा तासभर मुलं आणि मोजा, एवढंच. गेली अकरा वर्षं मी घरातल्या सात जणांचे मोजे भरते आहे. मुलांसाठी वस्तू निवडताना एकच बघते: हातात आल्या आल्या, कुणालाही हाक न मारता, ती वापरता येईल का?

हे मी एका छोट्या गाडीमुळे शिकले. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. गाडीला दोन सेल लागत होते, ते वेगळे आणायचे होते, आणि गाडी खोक्याला प्लास्टिकच्या पट्ट्यांनी करकचून बांधलेली होती. मी उठले तेव्हा तो खोका मांडीवर घेऊन पलंगाच्या कडेला बसला होता. रडत नव्हता, नुसता वाट बघत होता. तेव्हापासून चोवीस तारखेच्या रात्री मी सगळी खोकी फोडते, पट्ट्या कापते, सेल घालून वस्तू चालते का ते बघते आणि मगच मोज्यात टाकते.

खरेदीआधी मोजा समोर ठेवा. आमचे मोजे साधारण ४० सेंटिमीटर लांब आहेत, पण तोंड अरुंद आहे. चौकोनी खोकं आत जात नाही आणि गेलंच तर टाचेपाशी अडकतं. पत्त्यांचा जोड, खिशातली वही, गुंडाळलेला रुमाल हे नीट बसतं. एका मुलाला पाच-सहा वस्तू पुरतात. त्याहून जास्त झाल्या की पहिल्या दोन विसरल्या जातात, हे मी दरवर्षी बघते.

वयाचं म्हणाल तर तीन ते सहा वर्षांच्या मुलांना जाड रंगखडू, बोटांत घालायच्या बाहुल्या, चिकटचित्रं द्या. सहा ते दहा हे वय मोज्यासाठी सगळ्यांत छान. यो-यो, होकायंत्र, छोटी टॉर्च, पत्ते, काहीही चालतं. मुलीला आठव्या वर्षी मी एक भिंग दिलं होतं. तिने पहिल्यांदा मोज्याचीच लोकर बघितली, मग उशीचा अभ्रा, मग स्वतःचं नख, आणि आजोबा उठल्यावर त्यांचा अंगठा हातात धरून कितीतरी वेळ त्यावरच्या रेषा मोजत बसली. त्या वर्षीच्या मोठ्या भेटी मला आज आठवत नाहीत. ते भिंग अजून तिच्या कंपासपेटीत आहे.

तेरा-चौदाच्या मुलांचं जरा अवघड असतं. दुर्गंधीनाशक, मुरुमांचं मलम असलं काही घालू नका. आपण सहज घालतो, पण त्या वयात ते मनाला लागतं. चांगलं पेन, इअरफोन ठेवायची डबी, स्वतःच्या खणासाठी छोटं कुलूप दिलं तर फार आवडतं. सोबत हाताने लिहिलेली दोन ओळींची चिठ्ठी घाला.

आता सुरक्षेबद्दल, आणि हे कृपया वरवर वाचू नका. पहाटे मुलं सगळे मोजे एकाच पलंगावर रिकामे करतात. त्यामुळे थोरल्याच्या मोज्यातली वस्तूही घरातल्या सर्वांत धाकट्या मुलाला चालेल अशीच हवी. तीन वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांसाठी जी तपासणीची नळी वापरतात तिचा व्यास ३१.७ मिलिमीटर असतो. खेळणं किंवा त्याचा सुटणारा तुकडा त्यात पूर्ण मावला तर घशात अडकण्याचा धोका धरतात. घरी मी टॉयलेट पेपर संपल्यावर उरणारी पुठ्ठ्याची नळी वापरते. ती थोडी रुंद असल्यामुळे परीक्षा अधिकच कडक होते. नळीतून आरपार गेलेली वस्तू तीन वर्षांखालचं मूल असलेल्या घरात नको. फुगेही आठ वर्षांखाली नकोत, कारण न फुगवलेला किंवा फुटलेला फुगा श्वास कोंडतो.

दोन गोष्टींना तर मी साफ नकार देते. एक, बटणासारखा चपटा सेल ज्याचं झाकण स्क्रूशिवाय उघडतं अशी कोणतीही वस्तू. हा सेल अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांतही आतून गंभीर भाजतं. गिळल्याचा नुसता संशय आला तरी तडक रुग्णालय गाठायचं. दुसरी, सुटी छोटी लोहचुंबकं. दोन पोटात गेली तर आतड्याच्या पदरांतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडतं.

मोठ्यांच्या मोज्यासाठी मी संत निकोलसची आख्यायिका आठवते. चौथ्या शतकातले मायराचे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातले, हे बिशप. एका गरीब बापाच्या तीन मुलींसाठी त्यांनी रात्री गुपचूप सोनं टाकलं आणि ते चुलीपाशी वाळत घातलेल्या मोज्यांत पडलं, असं सांगतात. त्या घराची अडचण त्यांना न सांगता कळली होती. म्हणून नोव्हेंबर लागला की मी एक छोटी वही जवळ ठेवते आणि कोण कशावरून कुरकुरतं ते टिपते. सासूबाई सुईत दोरा ओवताना तीनतीनदा दोऱ्याचं टोक ओलं करायच्या, दिव्याखाली सुई धरायच्या, आणि शेवटी शिवण बाजूला ठेवायच्या. त्यांच्या मोज्यात दोरा ओवायची ती तारेची बारीक चकती घातली. त्या दिवशी दुपारी त्यांनी चार सुया ओवून सुया टोचायच्या छोट्या गादीला लावून ठेवल्या. नवऱ्याला चष्म्याचा बारीक स्क्रूड्रायव्हर दिला, तो अजून रोज लागतो.

भरताना जड आणि गोल वस्तू आधी पायाच्या टोकात, चपट्या वस्तू कडेने उभ्या, आणि वर एखादं भिरभिरं डोकावेल असं. विणलेला मोजा वजनाने लांबतो, म्हणून खिळा भक्कम हवा. करकरणारा चकचकीत कागद टाळा, रात्री फार वाजतो. मी जुन्या ओढणीचे तुकडे वापरते.

वही मात्र लगेच आवरत नाही. फेब्रुवारीत पुन्हा काढते आणि प्रत्येक वस्तूपुढे लिहिते: वापरात आहे, हरवली, मोडली. गेल्या वेळी यो-योपुढे ‘दोरी बदलली, रोज’ असं मुलाने स्वतःच लिहून ठेवलं होतं.