हार्ट फेल्युअर आणि झोपेतला श्वास: या चुका टाळा

बेळगावात रात्रीच्या झोपेच्या तपासणीला पेशंटला तारा लावायचं माझं काम. खानापूर, निपाणी, चिकोडीकडून माणसं येतात ती उशिरा, आणि चुकाही त्याच त्या घेऊन.

"आता घोरत नाहीत ओ, छान झोपायलेत." हे ऐकलं की माझं डोकं फिरतं. घोरणं हे घसा आवळल्याचं लक्षण. हार्ट फेल्युअरमध्ये, म्हणजे कमजोर हृदयात, बऱ्याचदा दुसरंच घडतं: घसा उघडा, पण मेंदूकडून श्वासाचा हुकूमच सुटत नाही. याला सेंट्रल ॲप्निया म्हणतात; ॲप्निया म्हणजे झोपेत श्वास थांबणं. फुप्फुसात पाणी साचल्यानं माणूस जास्त श्वास घेतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड उतरतो, मेंदू श्वासाचा हुकूम थांबवतो; आणि रक्त सावकाश फिरतं म्हणून त्याला बातमी उशिरा मिळते. श्वास वाढत जातो, मग लहान होत होत बंद, पुन्हा सुरू. ही चेन-स्टोक्स लय. दिवसा पेंग येईलच असंही नाही. मी घरच्यांना सांगतो, रात्री उशाशी बसून दहा मिनिटं मोबाइलवर छातीचा व्हिडिओ काढा.

दुसरी चूक मशीनची. खानापूरकडचे एक आण्णा, इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे एका ठोक्याला हृदय आतलं किती रक्त बाहेर ढकलतं ते, ३० टक्के. मुलानं पुण्यातल्या ओळखीच्या माणसाचं झोपेत मास्कमधून हवा देणारं जुनं मशीन आणलं. तपासणी नाही, चिठ्ठी नाही. दीड महिन्यानं मास्क बदलायला म्हणून भाजीच्या पिशवीतून माझ्यापुढं ठेवलं. बघतो तर एएसव्ही! सीपॅप एकसारख्या दाबानं हवा देतं, हे दर श्वासाला दाब आपोआप बदलतं. "साध्या सीपॅपपेक्षा महाग आहे, म्हणजे चांगलंच असणार की." नाही बाबा. २०१५ च्या सर्व्ह-एचएफ चाचणीत इजेक्शन फ्रॅक्शन ४५ टक्के किंवा कमी आणि मुख्यतः सेंट्रल ॲप्निया असलेल्यांत, एएसव्ही लावलेल्या गटात हृदयविकारानं जास्त मृत्यू झाले. मी तिथूनच त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी त्याच रात्रीपासून बंद करायला सांगितलं. तपासणीत निघालाही सेंट्रलच. आधी हृदयाची औषधं आणि लघवीची गोळी नीट बसवली, तेवढ्यानं श्वास बराच सुधारला. पण औषध बसायला आठवडे लागतात, आणि मशीन बटण दाबलं की चालू होतं. लोकांना बटण हवं असतं.

झोप लागत नाही म्हणून मेडिकलमधून परस्पर गोळी आणू नका. रात्रीची दारूही नको.

पायाची सूज "बसून बसून आली" म्हणून सोडू नका. आडवं झालं की तेच पाणी मानेकडं सरकतं आणि घसा आवळतो. पाणी साठतंय का ते कळायला रोज सकाळी वजन करा.

सीपॅप दिलं असेल तर तिसऱ्या रात्री फेकू नका. संध्याकाळी टीव्हीपुढं अर्धा तास मास्क लावून बसा, असं आठवडाभर. मशीनच्या पाण्याच्या भांड्यात बोअरचं पाणी नको, डिस्टिल्ड घाला. पावसात लाईट गेली की मास्क लगेच काढा.

आण्णांचं ते एएसव्ही अजून माळ्यावर आहे. परवा मुलगा विचारत होता, गल्लीत एकजण लई घोरतोय, त्याला देऊ का म्हणून.